एसी चालू आहे, हवाही येते, पण खोली गार होत नाही: पुन्हा गॅस भरण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड टनाचा स्प्लिट एसी पाच वर्षांपूर्वी बसवला. गेल्या वर्षी त्याचे कूलिंग बंद झाले तेव्हा मेकॅनिकने गॅस कमी असल्याचे सांगून तो भरून दिला. त्यानंतर काही महिने एसी उत्तम चालला आणि आता पुन्हा तीच तक्रार आहे. इनडोअर युनिटमधून हवा येते, पण ती खोलीतल्या हवेइतकीच कोमट असते. पुन्हा गॅस भरून घ्यावा की एसीच बदलून टाकावा, असे विचारले आहे.

माझे मत असे की आज यांपैकी काहीच करू नये. एसीतला गॅस तांब्याच्या बंद नळ्यांमधून फिरत राहतो. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो वापराने संपत नाही आणि दर काही वर्षांनी बदलण्याची किंवा वाढवण्याचीही गरज नसते. यंत्र बसवताना भरलेला गॅस, नळ्या शाबूत असतील तर, यंत्राच्या अखेरपर्यंत पुरतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे, आणि ती जागा शोधून बंद केल्याशिवाय वरून भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार. त्यामुळे गेल्या वर्षी गॅस भरण्यापूर्वी लीकेज शोधले होते का, हे आधी आठवून पाहावे. शोधले नसेल तर आजच्या तक्रारीचे कारण बहुधा तेच आहे. पण त्या निष्कर्षावरही लगेच उडी मारू नये, कारण कोमट हवा येण्याची इतरही बरीच कारणे आहेत आणि त्यांतली काही तर घरच्या घरी, कोणतेही हत्यार न वापरता दूर होतात.

तपासणीचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग वीज आणि सर्वांत शेवटी गॅस. याला सवयीपेक्षा मोठे कारण आहे. कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावरून, पुरेशी हवा वाहत नसेल तर गेजवर (दाब मोजणाऱ्या मीटरवर) दिसणारा गॅसचा दाब खोटी गोष्ट सांगतो. फिल्टर तुंबलेला असताना सक्शनचा (गॅस दाबून फिरवणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, जिथून गॅस ओढतो त्या बाजूचा) दाब आपोआप उतरतो, मेकॅनिक तो पाहून गॅस कमी आहे असे समजतो आणि मुळात पुरेसा गॅस असलेल्या यंत्रात आणखी गॅस ढकलतो. पुढे कधीतरी फिल्टर धुतला जातो, दाब वाढतो आणि जास्तीच्या गॅसने कॉम्प्रेसर तापून ट्रिप होऊ, म्हणजे आपोआप बंद पडू लागतो. असे एसी मी इतके पाहिले आहेत की आल्या आल्या गेज लावणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात शंका येते.

सुरुवात रिमोटपासून करावी. मोड ‘कूल’वरच आहे ना, तापमान खोलीच्या तापमानापेक्षा बरेच खाली लावले आहे ना, टायमर किंवा वीजबचतीचा एखादा मोड चुकून सुरू झालेला नाही ना, एवढे पाहावे. ‘फॅन’ मोडमध्ये कॉम्प्रेसर चालतच नाही आणि ‘ड्राय’ मोडमध्ये तो थांबत थांबत चालतो. एसी बंद करून लगेच सुरू केला तर कॉम्प्रेसर सुमारे 3 मिनिटे मुद्दाम थांबवून ठेवला जातो, कारण दोन्ही बाजूंचे दाब समान होण्याआधी त्याला सुरू करणे घातक असते. तेव्हा 5 मिनिटे थांबून मग बाहेर जाऊन आउटडोअर युनिट पाहावे. बऱ्याचशा निदानाची दिशा तिथेच कळते.

आउटडोअर युनिट पूर्ण शांत असेल तर त्याला वीज किंवा सुरू होण्याचा आदेश मिळत नाही. पंखा फिरतो पण कॉम्प्रेसरची धडधड जाणवत नाही, किंवा काही सेकंद गुंजन होऊन खट्ट असा आवाज येतो आणि पुन्हा शांतता पसरते, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा आहे. कॉम्प्रेसर चालू आहे पण पंखा थांबलेला आहे, असे दिसल्यास एसी ताबडतोब बंद करावा, कारण उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि दाब वेगाने चढतो. कोणी काठीने पंख्याला धक्का देऊन तो फिरवून दाखवतात. तसे कधीही करू नये. आणि दोन्ही व्यवस्थित चालूनही हवा कोमट येत असेल, तरच संशय गॅसवर किंवा कॉम्प्रेसरवर जातो.

आता हवेकडे वळू. एक साधा थर्मामीटर घ्यावा. एसी ‘कूल’ मोडमध्ये सर्वांत कमी तापमानावर आणि पंख्याच्या पूर्ण वेगावर 15 ते 20 मिनिटे चालवावा. मग इनडोअर युनिटच्या वरच्या बाजूने आत जाणाऱ्या हवेचे आणि खालच्या झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. निरोगी यंत्रात हा फरक साधारणपणे 8 ते 12 अंश सेल्सिअस असतो. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी दिसतो, कारण यंत्राच्या शक्तीचा मोठा भाग हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होतो. फरक 3 किंवा 4 अंशच असेल तर दोष यंत्रात आहे. फरक 10 अंश आहे आणि तरीही खोली गार होत नसेल, तर बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते आणि खोलीचा भार त्याला पेलत नसतो: थेट ऊन येणारी काच, दाराखालची फट, वरच्या तापलेल्या छताची उष्णता किंवा खोलीला जोडलेली उघडी जागा. एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट. पण ही क्षमता बाहेर 35 आणि आत 27 अंश अशा ठरावीक परिस्थितीत मोजलेली असते. बाहेरचे तापमान त्याहून वर गेले की क्षमता घटते आणि विजेचा वापर मात्र वाढतो. अशा खोलीतल्या एसीत गॅस भरून काहीही साध्य होणार नाही.

मात्र या मोजमापात एक पळवाट आहे. हवेचा झोत क्षीण झाला असेल तर तापमानातला फरक उलट जास्त दिसतो, कारण थोडीच हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते. म्हणून फरकाबरोबर झोताचा जोरही पाहावा. फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. पलीकडचे दिसत नसेल तर तो धुवून, सावलीत पूर्ण वाळवून बसवावा. फिल्टरबद्दल सगळ्यांनाच माहीत असते, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो भाग म्हणजे ब्लोअर, हवा फेकणारा लांबट दंडगोल पंखा. एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) बंद करावा, खालची झडप हलक्या हाताने उघडावी आणि बॅटरीचा उजेड आत टाकावा. ब्लोअरची पाती किंचित वाकलेली, चमच्याच्या पोकळीसारखी असतात आणि हवा पकडून पुढे फेकण्याचे काम ती पोकळीच करते. बऱ्याच वापरलेल्या एसीत त्या पोकळीत ओलसर धुळीचा करडा, नमद्यासारखा थर घट्ट बसलेला दिसतो. पात्याची पोकळी भरली की ब्लोअर पूर्वीच्याच वेगाने फिरतो, आवाजही तोच येतो, पण हवा निम्मीसुद्धा फेकली जात नाही. फिल्टर स्वच्छ असल्याने घरमालक निश्चिंत असतो आणि मेकॅनिकही वरवर पाणी मारून निघून जातो. ब्लोअर नीट स्वच्छ करायचा तर तो बाहेर काढावा लागतो किंवा खाली पिशवी बांधून, विजेचे भाग झाकून दाबाच्या पाण्याने धुवावा लागतो. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, पण ते झाले की नाही हे स्वतः बॅटरी लावून पाहावे.

हवा कमी पडली की कूलिंग कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फ धरला की हवेची वाट आणखी बंद होते, म्हणजे दोष स्वतःलाच वाढवत नेतो. एसी तासभर चांगला चालून मग हळूहळू मंदावतो, थोडा वेळ बंद ठेवला की खालून पाणी गळते आणि पुन्हा सुरू केल्यावर परत तासभर चांगला चालतो, असे होत असेल तर जवळजवळ निश्चितपणे आत बर्फ होत आहे. पुढचे पॅनेल उघडून हा बर्फ नीट पाहण्यासारखा असतो, कारण त्याची ठेवणच कारण सांगते. कॉइलच्या पूर्ण रुंदीवर सारखा थर असेल तर हवेचा अडथळा समजावा. एका कोपऱ्यात, गॅस जिथून कॉइलमध्ये शिरतो तिथल्या दोन-चार नळ्यांवरच पांढरा बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी, कोमट, असे दिसले तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी आहे. अर्थात हे लवकर पाहावे लागते. तसाच चालू ठेवला तर दुसऱ्या प्रकारचा बर्फही पसरत जाऊन पहिल्यासारखा दिसू लागतो. बर्फ सुरीने किंवा पेचकसाने खरवडू नये, नळीला भोक पडते. फॅन मोडवर दोन-तीन तास चालवला की तो आपोआप वितळतो, आणि तो पूर्ण वितळल्याशिवाय पुढची कोणतीही मोजणी करू नये.

बाहेरच्या युनिटची हवाही तितकीच महत्त्वाची आहे. रात्री एसी व्यवस्थित गार करतो आणि भर दुपारी मात्र थोडा वेळ चालून कॉम्प्रेसर बंद पडतो, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा सुरू होतो, अशी तक्रार असेल तर मी सर्वांत आधी कंडेन्सर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधली उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, पाहतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्यांमध्ये धूळ, कापसासारखा कचरा किंवा पक्ष्यांची पिसे अडकलेली असतात. काही ठिकाणी युनिट भिंतीला इतके चिकटून किंवा अशा बंदिस्त कोपऱ्यात बसवलेले असते की त्याने फेकलेली गरम हवा फिरून त्याच्याच मागच्या बाजूने आत येते. युनिटच्या मागे हवा आत जाते तिथे थर्मामीटर धरून पाहावा. तिथले तापमान मोकळ्या सावलीतल्या तापमानापेक्षा 5-7 अंशांनी जास्त असेल तर युनिटची जागा हाच दोष आहे आणि तो कोणत्याही दुरुस्तीने जाणार नाही. पाकळ्या धुताना एमसीबी बंद ठेवावा, पाण्याचा साधा मंद झोत वापरावा, शक्य असल्यास आतून बाहेरच्या दिशेने, आणि विजेच्या खोक्यावर पाणी जाऊ देऊ नये. मोटारी धुण्याच्या पंपाचा जोरदार फवारा मारला की पाकळ्या वाकून एकमेकींना चिकटतात आणि धुतलेला कंडेन्सर न धुतलेल्यापेक्षाही वाईट चालतो.

विजेच्या बाजूने घरमालकाने स्वतः फारसे काही उघडू नये. मेकॅनिक काय तपासतो हे मात्र त्याला कळले पाहिजे. पहिली गोष्ट व्होल्टेज. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एसीला कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी आणि चालू असताना किती व्होल्ट मिळतात, हे एसीच्या टर्मिनलवर मोजले पाहिजे. एसी बंद असताना सॉकेटमध्ये पूर्ण 230 दिसतात आणि कॉम्प्रेसरने भार घेताच ते 190 च्या खाली घसरतात, असे बारीक वायरमुळे किंवा सैल जोडणीमुळे होते. सैल टर्मिनल डोळ्यांनीही ओळखता येते: वायरचे प्लॅस्टिक स्क्रूजवळ तपकिरी, ठिसूळ झालेले असते आणि जळका वास येतो. इनडोअर आणि आउटडोअर जोडणारी वायर मध्येच गाठ मारून जोडलेली असेल तर ती गाठ हमखास तपासावी.

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणारी यंत्रणा) नसलेल्या एसीत सर्वाधिक वेळा दगा देणारा भाग म्हणजे कपॅसिटर, मोटारीला फिरण्यासाठी विजेचा जोर देणारा डबा. कॉम्प्रेसरचे गुंजन, मग खट्ट आवाज, मग शांतता आणि काही मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार, हे त्याचे ठळक लक्षण आहे. कॉम्प्रेसरला फिरण्यासाठी लागणारा जोर मिळत नाही, तो जागीच अडून नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो आणि त्याचा ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याची वीज तोडतो. कपॅसिटरचा वरचा पत्रा फुगलेला असेल तर मोजायचीही गरज नाही. पण कित्येकदा तो बाहेरून ठणठणीत दिसतो आणि मीटर लावल्यावर अंगावर 35 मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) छापलेले असताना प्रत्यक्षात 22 भरतात. छापील आकड्यापेक्षा 5-6 टक्क्यांहून जास्त घट असेल तर तो बदलावा, आणि नवा त्याच मायक्रोफॅरडचा व तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा असावा. मोठा बसवला की कॉम्प्रेसर जास्त जोमाने चालेल, हा समज चुकीचा आहे. पंख्याचा कपॅसिटर छोटा, बहुधा 1.5 ते 4 मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो. तो उतरला की पंखा चालतो पण मंद, आणि लक्षणे नेमकी घाणेरड्या कंडेन्सरसारखी दिसतात. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारित राहतो. पेचकसाने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती धोक्याची आहे. योग्य रोधकातून तो उतरवून, मीटरने खात्री करूनच हात लावावा.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरसाठी असा कपॅसिटर नसतो. तिथे बाहेरच्या पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-पट्टीवर) 300 व्होल्टपेक्षा जास्त डीसी साठलेला असतो आणि एमसीबी बंद केल्यावर काही मिनिटे तरी तो टिकून राहतो, म्हणून आउटडोअरचे झाकण घरी उघडूच नये. इन्व्हर्टरमध्ये दोष आला की डिस्प्लेवर बहुतेक वेळा कोड येतो किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. तो लिहून किंवा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण वीज बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कोड पुसला जाऊ शकतो आणि मेकॅनिक येतो तेव्हा सारे काही ठीक दिसते.

सेन्सरचा दोष फसवा असतो. इनडोअर युनिटमध्ये सामान्यतः दोन सेन्सर असतात, एक खोलीच्या हवेचा आणि एक कॉइलचा. सर्व्हिसिंग करताना हवेचा सेन्सर त्याच्या क्लिपमधून सुटतो आणि लोंबकळत थंड कॉइलला टेकतो. मग पीसीबीला वाटते की खोली गार झाली, आणि तो कॉम्प्रेसर काही मिनिटांतच बंद करतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचा वेग उतरवून ठेवतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच कूलिंग बिघडले असेल तर गॅसचे नावही काढण्याआधी हा सेन्सर पाहायला सांगावे. तो तपासणेही सोपे आहे. पुष्कळ यंत्रांत त्याचा रोध 25 अंशांना 10 किंवा 5 किलोओहम असतो आणि मुठीत धरून गरम केला की आकडा संथपणे उतरत जातो. आकडा एकाच जागी अडून राहिला किंवा उड्या मारू लागला तर सेन्सर गेला.

हवा आणि वीज दोन्ही ठीक ठरल्यावर गॅसकडे यावे, आणि तिथेही गेज लावण्याआधी नळ्यांकडे पाहावे. आउटडोअर युनिटच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह असतात, एकाला बारीक नळी आणि दुसऱ्याला जाड नळी जोडलेली असते. घरगुती स्प्लिट एसीत गॅसचा दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बहुधा आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे कूलिंग चालू असताना या दोन्ही नळ्या गार असायला हव्यात आणि जाड नळीवर पाण्याचे थेंब दिसायला हवेत. बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरा बर्फ आणि जाड नळी कोरडी, कोमट, हे गॅस कमी असल्याचे नेहमीचे चित्र आहे. जाड नळीवर बर्फ धरून तो कॉम्प्रेसरच्या दिशेने सरकत असेल तर आत हवा कमी पडते आहे किंवा गॅस जास्त झाला आहे. दोन्ही नळ्या बाहेरच्या हवेइतक्याच कोमट आणि कॉम्प्रेसर मात्र चालू, असे असेल तर गॅस पूर्ण गेला आहे किंवा कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही.

यानंतर गेज. ‘आर’ने सुरू होणारी नावे ही एसीतल्या गॅसच्या प्रकारांची आहेत. आर-22 च्या यंत्रात चालू स्थितीत सक्शनचा दाब ढोबळमानाने 60 ते 70 पीएसआय (दाबाचे एकक), तर आर-410ए आणि आर-32 मध्ये तो 110 ते 135 च्या दरम्यान असतो. पण आतले आणि बाहेरचे तापमान बदलले की हे आकडे हलतात, आणि इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने, यंत्र पूर्ण वेगावर बांधून ठेवल्याशिवाय त्यांना फारसा अर्थच नाही. गेजबरोबर क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) लावून करंट पाहिला की चित्र स्पष्ट होते. दाब कमी आणि करंटही नावपट्टीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर घाण, गॅस जादा किंवा नळीत हवा शिरलेली. सक्शनचा दाब नेहमीपेक्षा जास्त, करंट मात्र कमी आणि कॉम्प्रेसर बंद करताच दोन्ही बाजू क्षणात समान होत असतील तर कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा गेल्या. थंड आणि गरम दोन्ही करणारा एसी असेल तर हेच चित्र मध्येच अडकलेल्या फोर-वे व्हॉल्व्हमुळेही (गॅसची दिशा उलटवणाऱ्या झडपेमुळेही) दिसते, म्हणून कॉम्प्रेसरवर शिक्का मारण्याआधी तो तपासावा.

प्रश्नातल्या एसीबद्दल माझा अंदाज लीकेजचाच आहे, कारण गॅस भरल्यावर तो काही महिने खरोखर चांगला चालला. तेव्हा गॅस खरेच कमी होता आणि गळती इतकी बारीक होती की कमतरता जाणवायला काही महिने लागले, असाच याचा अर्थ होतो. अशी गळती शोधण्याची पहिली जागा म्हणजे इनडोअर आणि आउटडोअरकडचे फ्लेअर नट, म्हणजे तांब्याच्या नळ्या युनिटला जोडणारे नट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही बाहेर येते, त्यामुळे गळणाऱ्या नटाभोवती तेलकट वर्तुळ दिसते आणि त्यावर धूळ चिकटून ते काळपट होते. बोटाने पुसून पाहिले की लगेच कळते. तिथे साबणाचे पाणी लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. मोठी गळती बुडबुडे काढते, पण बारीक गळतीत हळूहळू दाट पांढरा फेस जमतो आणि घाई करणाऱ्याला तो दिसत नाही. व्हॉल्व्हच्या टोप्या काढून आतल्या पिनवरही साबण लावावा. गेल्या वेळी गॅस त्याच पिनमधून भरला होता आणि तेव्हापासून ती नीट बसलेली नसणे अगदी शक्य आहे.

तिथे काही सापडले नाही तर संशय इनडोअरच्या तांब्याच्या कॉइलवर जातो. घरातल्या हवेत प्लायवुड, गोंद, रंग, काही स्वच्छतेची रसायने यांतून फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्लाचे अंश येतात, कॉइलवर ओल कायमच असते, आणि या दोहोंमुळे तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी अतिसूक्ष्म वाकडीतिकडी भोके पडत जातात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि साबणालाही सहज सापडत नाहीत. म्हणून कॉइल नळ्यांपासून वेगळी करून, तिच्यात निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेत नायट्रोजनचा दाब भरून, दाब उतरतो का ते काही तास, शक्य तर रात्रभर पाहावे लागते. या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये; कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होतो. अशा कॉइलमध्ये एक भोक झाळून बंद केले तरी शेजारी दुसरे तयार होतच असते, त्यामुळे डागडुजीपेक्षा कॉइल बदलणेच शहाणपणाचे ठरते.

गळती बंद झाल्यावर गॅस भरण्याची रीत हा वेगळाच मुद्दा आहे, आणि इथेच सर्वांत जास्त आळस केला जातो. आधी नळ्या व्हॅक्यूम पंपाने पूर्ण रिकाम्या करायच्या, मायक्रॉन गेजवर (नळीत उरलेला अत्यल्प दाब मोजणाऱ्या मीटरवर) दाब 500 मायक्रॉनच्या खाली आणायचा, पंप बंद करून तो टिकतो का हे पाहायचे आणि मग यंत्राच्या नावपट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे त्यात वाढ करायची. व्हॅक्यूम न करता थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याने हवा पुरती जात नाही आणि ओल तर अजिबात जात नाही; आर-410ए आणि आर-32 च्या यंत्रांतले तेल ओल शोषून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरचे वाइंडिंग (मोटारीतले तारेचे वेटोळे) हळूहळू खाते. उरलेला गॅस किती हे माहीत नसताना दाब बघत वरून भरणे म्हणजे अंदाजाने भरणे होय. आर-32 हा एकच घटक असल्याने गळतीने त्याचे मिश्रण बिघडत नाही, पण वजन अज्ञात राहतेच. नावपट्टीवर आर-22 असेल तर त्यात दुसरा कोणताही गॅस घालू देऊ नये. आर-32 चा दाब त्याच्या सुमारे दीडपट असतो आणि जुन्या नळ्या व कॉम्प्रेसर त्यासाठी बनवलेले नसतात.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-290, म्हणजे प्रोपेन, चांगलाच ज्वलनशील. त्यामुळे झाळकाम करण्यापूर्वी गॅस पूर्ण काढून, नळ्यांतून नायट्रोजन फिरवून खोलीतली हवा खेळती ठेवली पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गळती असलेल्या यंत्रात कॉम्प्रेसर चालवून गॅस आउटडोअरमध्ये गोळा करायचा प्रयत्न केला, किंवा तो चालू असतानाच नळी सोडली, तर कॉम्प्रेसर हवा आत ओढतो, ती तेलासह दाबली जाऊन पेटते आणि युनिट फुटू शकते. मेकॅनिक असे करताना दिसला तर त्याला थांबवण्याचा पूर्ण अधिकार घरमालकाला आहे.

बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. गळती फ्लेअर नटावर किंवा व्हॉल्व्हच्या पिनवर निघाली तर पाच वर्षांचा एसी बदलण्याचे काहीही कारण नाही. इनडोअर कॉइल गेली असेल आणि कॉम्प्रेसरचा करंट, आवाज व दाब ठीक असतील, तर मूळ निर्मात्याची कॉइल मिळते का हे पाहून ती बदलावी. कॉम्प्रेसर जळला असेल, आतले तेल काळे पडून आम्लाचा उग्र वास येत असेल, तर नवा कॉम्प्रेसर बसवण्याआधी नळ्या धुणे आणि ड्रायर (नळीतली ओल टिपणारा भाग) बदलणे अनिवार्य असते. हे करण्याची तयारी नसलेल्याकडून कॉम्प्रेसर बदलून घेण्यापेक्षा नवा एसी घेतलेला परवडतो, कारण घाण नळ्यांत बसवलेला नवा कॉम्प्रेसर फार काळ टिकत नाही. आर-22 वर चालणाऱ्या जुन्या यंत्रात मोठी गळती निघाली तर मी बदलण्याच्याच बाजूने आहे. ओझोन थराला घातक म्हणून 1987 च्या माँट्रियल करारान्वये आर-22 चे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद केले जात आहे.

दुरुस्ती झाल्यावर मेकॅनिक घरात असतानाच आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक पुन्हा मोजावा, करंट नावपट्टीशी ताडून पाहावा आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम व तारीख आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून घ्यावी. व्हॉल्व्हच्या पितळी टोप्या पान्याने घट्ट बसवल्या आहेत का हेही पाहावे, कारण आतली पिन थोडी जरी सैल असली तरी गॅस रोखण्याचे काम त्या टोपीवरच येते, आणि कित्येक घरांत ती टोपी युनिटवर नुसतीच पडलेली मला सापडली आहे. मग दोन-तीन आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी आणि तितक्याच उन्हात, तोच फरक पुन्हा मोजावा. पहिला आकडा 10 होता आणि आता 7 आला असेल, तर आधी फिल्टर पाहावा, आणि फिल्टर स्वच्छ असेल तर साबणाचे पाणी घेऊन पुन्हा त्याच नटांकडे जावे.